तक्ता दोन, ओळ सदतीस

माझे मार्गदर्शक प्राध्यापक बाझिराके यांचा ईमेल शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आला. त्यात दोनच शब्द होते: 'कृपया बघ.' खाली जर्नलच्या संपादकांचं तीन आठवड्यांपूर्वीचं पत्र जोडलेलं होतं. परीक्षकांच्या शंकांना उत्तरं देऊन सुधारलेला पेपर आज संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर चढवायचा, त्यानंतर दार बंद. तीन आठवडे ते पत्र सरांकडे पडून होतं, कारण पेपरवर पत्ता त्यांचा होता. काम माझं, पत्ता त्यांचा. आमच्याकडची ही रीतच आहे. तिच्याबद्दल कुरकुर करायलाही त्या दिवशी वेळ नव्हता, पण मी केली. टेबलावर कप आपटून केली आणि दुधाचा चहा कागदांवर सांडून घेतला.

माझं नाव निन्सीमा. म्बरारातल्या एका विद्यापीठात मी पशुवैद्यक शिकवते, करारावर. तो करार डिसेंबरअखेर संपत होता आणि डॉक्टरेट हातात आल्याशिवाय वाढणार नव्हता. डॉक्टरेटला दोन पेपर लागतात. एक झाला होता, हा दुसरा. पदवी घेणाऱ्यांची यादी सोमवारी बंद होणार होती, आणि तोवर संपादकांचं 'स्वीकारला' एवढं पत्र आलं तरी भागणार होतं. उत्तरं पटली तर शनिवार-रविवारीच कळवू, असं त्यांनी लिहिलं होतं, कारण अंक छपाईला निघाला होता. म्हणजे सहा वर्षं हाकलेलं घोडं आता शेवटच्या नऊ तासांत पेंड खात उभं होतं.

पेपर साधा होता. चार तालुक्यांतले एकसष्ट कळप, आणि वर्षभरात त्यातली किती जनावरं गोचीड-तापाने मेली त्याचा हिशेब. उत्तर होतं, शंभरात तीस. हा आकडा दणदणीत होता. सर कंपालातल्या प्रत्येक परिषदेत तो ऐकवायचे आणि सभागृहात चुकचुकाट व्हायचा. मलाही त्या तीसचा अभिमान होता, उगाच सोवळेपणा कशाला.

पहिल्या परीक्षकाला नुसते संदर्भ आणि स्वल्पविराम छळत होते. त्याचं साडेनऊपर्यंत उरकलं. दुसऱ्याच्याही दोन शंका पटकन सुटल्या. मग तिसरी आली, आणि ती मी मोठ्याने वाचली, कारण मनात वाचून विश्वास बसेना.

"एकसष्टपैकी चव्वेचाळीस कळपांत जनावरं नेमकी वीस, तीस किंवा चाळीस आहेत. या प्रदेशात गाई दहा-दहाने जन्मतात काय? मोजणी कशी केली, ते स्पष्ट करावे."

समोरच्या टेबलावर ओडोंगकारा हसला. ओडोंगकारा आमचा सांख्यिकीचा माणूस, उत्तरेकडचा, गुलूचा, अचोली जमातीचा. अकरा वर्षं आमच्यात राहतोय, तरी आम्ही गाई राखणारे लोक पाण्यासारखं दूध पितो याचं त्याला अजून नवल वाटतं. घरून आलेला तीळ-शेंगदाण्याचा गोळा पावाला फासत त्याने विचारलं, "मग? कशी मोजलीस?"

"मालकांना विचारलं."

"आणि मालक म्हणाला चाळीस."

"हो."

"आणि पुढचाही म्हणाला चाळीस."

मी फॉर्मांचा गठ्ठा पुढे ओढला.

आमच्यात गाई मोजत नाहीत. जिवंत गाय मोजली की तिला नजर लागते, कळप घटतो. संध्याकाळी गाई कुंपणात शिरताना माझे वडील नुसते काठीवर रेलून उभे असतात. एखादी मागे राहिली तर तिचं नाव घेऊन सांगतात की अमकी आली नाही. त्यांना आकडा लागतच नाही. कुणी परक्याने 'किती गाई आहेत' विचारणं म्हणजे घरच्या लेकीसुनांकडे बोट दाखवणं. पण आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणंही आमच्यात बसत नाही, म्हणून सभ्य माणूस एक लहानसा गोल आकडा सांगतो आणि दूध पुढे करतो. हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मलाही ठाऊक होतं. तरी पांढरा कोट घालून, फॉर्म घेऊन मी एकसष्ट अंगणांत बसले, 'संख्या' या रकान्यात चाळीस, तीस, चाळीस लिहीत गेले आणि मला एकदाही खटकलं नाही. दुसरा कुणी असता तर त्याला संशय आला असता. मी तिथलीच. चाळीस हा शब्द आमच्या कानाला आकड्यासारखा लागतच नाही, त्याचा अर्थ 'पुढे विचारू नका' एवढाच. ते 'पुढे विचारू नका' मी एकसष्ट ओळींत नीट टाइप करून परदेशी पाठवलं होतं.

मेलेल्या गाईंचं मात्र तसं नसतं. मेलेली गाय आमच्यात उघड सांगतात. नाव सांगतात, तिच्या आईचं नाव सांगतात, कुठल्या झाडाखाली पडली तेही सांगतात. मेलेल्यांना कसली नजर लागणार? म्हणजे माझ्या पेपरात मेलेली जनावरं एकूण एक खरी होती आणि जिवंत सगळी खोटी.

त्यातही ओळ सदतीस. तो माझ्या वडिलांचा कळप होता. मालक रुतारेम्वा, तालुका न्याबुशोझी, संख्या चाळीस. त्यांना तर मी विचारलंही नव्हतं. लेक बापाला असलं विचारते का? इतरांचे चाळीस होते म्हणून त्यांचेही चाळीस ठोकून दिले होते.

मी सरांना फोन लावला. ते कंपालाला कसल्याशा कार्यशाळेत होते, मागून कपबशा वाजत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की एकच वाक्य लिही, 'कळपांची संख्या प्रत्यक्ष मोजणीने पडताळली', आणि पाठवून मोकळी हो. मी म्हटलं, सर, मोजलेलं नाही.

"निन्सीमा, तुला पदवी हवीय की पापाची कबुली द्यायचीय? कबुलीसाठी चर्च आहे. रविवारी उघडं असतं."

मी ते वाक्य टाइप केलं. दिसायला छान दिसत होतं. आजूबाजूच्या वाक्यांहून वेगळंही वाटत नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. तेवढ्यात दहा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली.

ओडोंगकाराने तोवर माझे फॉर्म चाळायला घेतले होते. मेलेल्या गाईंची नावं लिहिलेलं पान त्याने माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, मोजायची बंदी आहे हे कळलं, पण जिवंत गाईंची नावं सांगायचीही बंदी आहे का?

बंदी कसली? नावं सांगायला लागले की आमच्या म्हाताऱ्यांना थांबवणं मुश्कील.

"मग त्यांना नावं सांगू दे. तू नुसती ऐक. रेघा मी ओढतो. मी अचोली आहे, माझ्या नजरेने तुमच्या गाईंना काही होत नाही."

एकसष्ट म्हाताऱ्यांना पाचच्या आत गाठणं शक्य नव्हतं. त्याने चिठ्ठ्या केल्या, परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या, आणि बारा उचलायला सांगितल्या. बारा कळपांत खरा आणि सांगितलेला आकडा किती लांब आहेत ते कळलं, तर बाकीच्यांचा अंदाज बांधता येईल, असं त्याचं म्हणणं. मी अकरा उचलल्या. बारावी उघडली, तर सदतीस. मी ती घडी घालून परत टाकायला गेले, तर त्याने माझं मनगट धरलं.

"आवडलेली चिठ्ठी ठेवायची आणि नावडलेली परत टाकायची, याला सांख्यिकी म्हणत नाहीत. याला सोयरीक जुळवणं म्हणतात."

लॅपटॉपची बॅटरी दोन तास पुरली असती. लशीच्या फ्रिजला छतावरच्या सौर पट्ट्यांवरून वीज येते, म्हणून आम्ही खुर्च्या, फॉर्म आणि माझी चिडचिड घेऊन प्रयोगशाळेत फ्रिजपाशी जाऊन बसलो. भिंतीवरचं घड्याळ नेमकं माझ्या समोर होतं. अकरा वाजले होते.

पहिले म्झे बितारिहो; म्झे म्हणजे वडीलधारा. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला फोन करून थेट कामाचं बोलता येत नाही. रात्र कशी गेली, घर कसं आहे, पाऊस कसा आहे, दूध कसं आहे, गाई कशा आहेत, तुझे वडील कसे आहेत, वडिलांच्या गाई कशा आहेत. प्रत्येक प्रश्नाला उत्तर, प्रत्येक उत्तराला हुंकार. ओडोंगकारा घड्याळावर बोट आपटत होता आणि मी गोड आवाजात विचारत होते की तुमच्या सुनेच्या गुडघ्याचं आता कसं आहे. सहा मिनिटं यात गेली. मग मी म्हटलं, म्झे, मी आले होते तेव्हा तुमच्याकडे होत्या त्या गाईंची नावं सांगता का? नंतर गेल्या त्या, विकल्या त्याही.

म्हाताऱ्याने का म्हणून विचारलं नाही. गाईंची नावं ऐकायला कारण लागतं, असं त्याला वाटलंच नाही. त्याने सुरुवात केली आणि मी एकेक नाव मोठ्याने म्हणत गेले, बिहोगो, तिची मुलगी, मायेंजे, वाकड्या शिंगाची सीना, आणि ओडोंगकाराची पेन्सिल चालत राहिली. एका नावाशी मी हळूच विचारलं की ही त्या वर्षी होती ना, तर ते दुखावले.

"पोरी, तुझ्या बारशाला मी दूध पाठवलं होतं. मला गाई शिकवू नकोस."

फोन ठेवल्यावर ओडोंगकाराने कागद माझ्याकडे वळवला. फॉर्मवर तीस होते. रेघा त्रेपन्न.

दुसऱ्याचे चाळीस होते, एकाहत्तर निघाले. तिसऱ्याचे वीस, छत्तीस निघाले. चौथा फोन उचलेना. पाचव्याने उचलला, नमस्कार-चमत्कारात सात मिनिटं घेतली आणि पंचविसाव्या गाईला त्याचा फोन मेला. पुन्हा लागेपर्यंत मी फ्रिजच्या दाराला लाथ मारली, आणि आत लशी आहेत हे आठवून दाराची माफी मागितली. जेवण राहिलं. कॅन्टीनमधून मटोकेचा, शिजलेल्या हिरव्या केळ्यांचा, वास येत होता आणि मला भूक नव्हती. अडीच वाजेपर्यंत आठ कळप हाती आले, तीन लागलेच नाहीत.

ओडोंगकाराने कागदाच्या कोपऱ्यात भागाकार केला. सांगितलेल्या गाई दोनशे सत्तर, खऱ्या चारशे सत्त्याहत्तर. मेलेल्या तेवढ्याच. म्हणजे शंभरात तीस नव्हे, सतरा.

मी त्याला पुन्हा करायला लावलं. सतराच आले.

मला रडू आलं नाही, राग आला. त्या म्हाताऱ्यांच्या सभ्यपणाचा आला, माझ्या स्वतःच्या सभ्यपणाचा त्याहून जास्त. सहा वर्षं मी तीस तीस करत फिरले होते. तीसवर एक अख्खा परिच्छेद होता, त्यात 'भयावह' हा शब्द दोनदा आला होता. सतराला भयावह म्हणता येत नाही. सतरा म्हणजे वाईट, पण जगात असतात तसं वाईट. अशा पेपराला संपादक घेतील की नाही कोण जाणे. आणि इकडे लॅपटॉपवर सरांचं वाक्य तयार बसलं होतं. हात लावला नसता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

तीनला ओडोंगकाराला परीक्षेवर देखरेखीला जायचं होतं. राहिली होती सदतीस नंबरची चिठ्ठी. मी म्हटलं, तू आलास की करू. तो म्हणाला, मी पाचला सुटतो. मी म्हटलं, मग आठांवरच भागवू. तो दारात थांबला.

"आठांवर भागतं. पण मग तू सदतीस का सोडलीस ते लिहावं लागेल. काय लिहिशील? लाज वाटली?"

आणि माझ्या हातात पेन्सिल देऊन तो गेला.

वडिलांचा फोन बंद होता. दुपारच्या पाण्याला गाई हौदाशी आल्या की ते शेजारच्या वारुळावर चढतात, तिथेच सिग्नल मिळतो. मी दर दोन मिनिटांनी लावत होते. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी घंटी वाजली. मी रात्र, घर, पाऊस, आई सगळं भराभर उरकलं.

"घाईत आहेस," ते म्हणाले. "गाईंचं विचारायला विसरलीस."

मी ओशाळून विचारलं. चांगल्या आहेत म्हणाले. मग मी नावं सांगायला सांगितली, माझ्या फॉर्मच्या वर्षी होत्या त्यांची. ते सुरू झाले. ते एकेका घराण्यावरून जात होते, आधी म्हातारी, मग तिच्या लेकी, मग लेकींच्या लेकी. ज्या गाईच्या दुधावर मी वाढले तिची नातही त्यात आली. इतरांच्या वेळी मी नावं मोठ्याने म्हटली होती. आता नुसत्या रेघा ओढत होते, चार उभ्या, एक आडवी. चाळीस मागे पडले. साठ मागे पडले. एकाहत्तराव्या रेघेवर ते थांबले.

"पोरी, तू रेघा ओढतेयस ना?"

माझी पेन्सिल थांबली.

"पेन्सिल ऐकू येतेय. मघापासून."

"हो, ताता."

हौदाशी एक गाय हंबरली. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पाच वाजता दार बंद होणार, सोमवारी यादी बंद होणार, परीक्षक काय म्हणाला, सरांनी काय लिहायला सांगितलं. बाकीच्यांच्या गाई त्या अचोली माणसाने मोजल्या, तुमच्याच तेवढ्या मी मोजतेय, हेही सांगितलं.

"मी तुला चाळीस सांगितल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं."

"म्हणजे माझ्या नावावर तू खोटं बोललीस."

"हो."

"मग ते खोड आणि खरं लिही." ते म्हणाले. "पण शेवटची मी सांगणार नाही. ती तुला माहीत आहे. एक बाहेर राहू दे. म्हणजे मोजणी पुरी झाली, असं कुणाला म्हणता येणार नाही."

शेवटची मला माहीत होतीच. गाजू. दहा वर्षांमागे, कॉलेजच्या सुट्टीत घरी असताना, आडवी आलेली गाजू मी कोपरापर्यंत हात घालून ओढून काढली होती. माझ्या हाताने जगात आणलेलं पहिलं वासरू. वडील तिला 'डॉक्टरची' म्हणतात. मी कागदावर एकाहत्तर लिहिलं आणि पुढे एक फुली काढली. मनात मात्र बहात्तर म्हणून झालं होतं. मन काही विचारून मोजत नाही.

चारला पाच कमी होते. मग मी जे काही केलं ते लिहिणं नव्हतंच, घर आवरल्यासारखं फेकाफेक होती ती. तक्ता दोन बदलला. तीस होते तिथे सतरा केले, सारांशात, निष्कर्षात, आलेखाच्या खाली. 'भयावह' दोन्ही ठिकाणी उडवला. सरांचं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: 'कळपांची मोजणी केली नव्हती. मालक गाई मोजत नाहीत, लेखिकाही मोजत नव्हती. नऊ कळपांतील जनावरांची नावे नंतर मालकांकडून ऐकून संख्या काढली आहे व बाकीच्यांचा अंदाज त्यावरून बांधला आहे.' सदतिसाव्या ओळीच्या फुलीला तळटीप दिली: 'एक जनावर मालकाच्या इच्छेवरून वगळले.'

चार अडतीसला मी सरांना प्रत पाठवली. एका पत्राला तीन आठवडे लावणाऱ्या माणसाचा फोन सहा मिनिटांत आला. पाठवू नकोस, म्हणाले. मी तीस सगळीकडे सांगून बसलोय, सतराला कोण विचारतं? आणि मग आवाज खाली आणून, "तुझ्या करारावर माझी सही लागते, हे विसरली नाहीस ना?"

"नाही सर. लक्षात आहे."

मी फोन ठेवला. ज्या माणसाने मला इथवर आणलं त्याच्या मनाविरुद्ध मी पहिल्यांदाच काही करत होते, आणि त्याला मी बाप मानत नव्हते असंही नाही. फाइल चढवायला घेतली. फोनच्या नेटवर ती मुंगीच्या पावलांनी सरकत होती. चार एकावन्नला साठ टक्के. चार पंचावन्नला नेट गेलं, आणि मी फोन घेऊन खिडकीत, मग व्हरांड्यात, मग सरळ लॅपटॉप कडेवर घेऊन अंगणात धावले. माळी झारी हातात धरून बघत राहिला. चार अठ्ठावन्नला 'मिळाले' असा हिरवा शब्द आला. मी तिथेच गवतावर बसले.

शनिवारी पत्र आलं नाही. रविवारी आलं नाही. मी फोन चर्चमध्येही चालू ठेवला होता. सोमवारी पाचला यादी बंद झाली आणि त्यात माझं नाव नव्हतं. गुरुवारी पत्र आलं. पेपर स्वीकारला होता. दुसऱ्या परीक्षकाने शेवटी एक ओळ लिहिली होती: 'गाईंच्या प्रश्नाला असं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. छापा.'

तीन दिवस आधी आलं असतं तर मी नाचले असते. जानेवारीत माझ्या बरोबरीच्यांनी झगे घातले आणि मी पाहुण्यांना खुर्च्या दाखवल्या. सर दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा न थांबता म्हणाले की सतरा हाही आकडाच असतो, आणि पेपर स्वीकारल्याच्या पत्रावरच माझा करार सहा महिन्यांनी वाढवला. वर्षाने वाढवता आला असता. पण त्यांनाही स्वतःचा राग कुठेतरी लिहून ठेवायचा असणार.

फेब्रुवारीत छपाईचं कच्चं पान आलं. पुन्हा मुदत, अठ्ठेचाळीस तास. छापखान्याची एकच शंका होती: 'तक्ता दोन, ओळ सदतीस. ७१ पुढे फुली आहे, तळटीप सांगते की एक वगळले. कृपया निश्चित करावे: ७१ की ७२?' ओडोंगकाराला दाखवलं. तो म्हणाला, बापाने सांगितलंय तेच ठेव, फुलीसकट, छापखान्याला नसेल कळत तर नसू दे. मीही तेच ठरवलं होतं. पण उत्तर पाठवायला हात होईना, आणि त्यात पूर्ण एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन आला. ते आपणहून फोन करत नाहीत. मी 'ताता' म्हणून रात्र कशी गेली ते विचारायला लागले, तर त्यांनी मला मध्येच तोडलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही न विचारता बोलायला सुरुवात केली.

"गाजू गेली. गोचीड-ताप. हौदाकडच्या बाभळीखाली पडली, सकाळी."

मी म्हटलं, मला आधी का नाही कळवलंत, मी औषध घेऊन आले असते. म्हणाले, दोन दिवस ती चरत होती, मला वाटलं निभावेल. माझ्या मनात तो शुक्रवार आला. तिला कुणी मोजलं नव्हतं. कागदावर तरी नव्हतं; मनात मी मोजलं होतं. मी पशुवैद्य आहे, गोचिडीला तळटीपा वाचता येत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मला त्यांची माफी मागावीशी वाटली, आणि मी मागितली. कशाची, ते त्यांनी विचारलं नाही.

"तुझ्या त्या कागदात ती बाहेर ठेवली होतीस ना?"

"हो."

"आता लिही," ते म्हणाले. "मेलेली लपवायची नसते."

फोन ठेवल्यावर मी पान उघडलं. मुदतीचे एकोणीस तास उरले होते. तळटीप खोडली, फुली खोडली, आणि सदतिसाव्या ओळीत बहात्तर लिहिलं. ओडोंगकारा खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. आता बरोबर आहे का, त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो. मोजणी पुरी झाली.